तुम्ही काय काय करणं सोडलंत?

मी पीएफटी करते. म्हणजे फुप्फुसांची ती फुंकायची टेस्ट असते ना, नाकाला क्लिप लावायची, तोंडात नळी धरायची आणि शेजारी कुणीतरी "फुंका फुंका फुंका, अजून, अजून, सोडू नका" असं ओरडत असतं, ती ओरडणारी बाई म्हणजे मी. बरीच वर्षं हेच काम करतेय. डॉक्टर नाहीये, त्यामुळे इथे औषधांची नावं आणि डोस काही सांगणार नाही. पण टेस्टच्या आधी पेशंट माझ्यासमोर बसलेला असतो आणि मला वय, उंची, वजन, सिगारेट, धूर, कामधंदा हे सगळं विचारून कॉम्प्युटरमध्ये भरायचं असतं, तेवढ्या वेळात बायका जे बोलतात ते ऐकून ऐकून एक गोष्ट डोक्यात पक्की बसलीय, ती आज लिहायचीच आहे.

बाईला "दम लागतो का?" विचारलं की बहुतेक वेळा उत्तर येतं, "नाही, तसं काही नाही." आणि ती लपवत नसते बरं का. ज्या ज्या गोष्टीने दम लागतो ती ती गोष्ट तिने कधीच बंद करून टाकलेली असते, तीही एकदम नाही, हळूहळू, इतकी हळूहळू की तिची तिलाच कळत नाही. जिना चढताना धाप लागायला लागली की चार वेळा खाली जाणारी बाई एकदाच जायला लागते, मग ते एकदाचं कामही मुलांवर ढकलते. भरलेली बादली उचलायची ती अर्धी उचलते. वाकून फरशी पुसायची ती बसून पुसते, मग एक दिवसाआड पुसते. चालता चालता फोनवर बोलणं बंद. मैत्रिणींबरोबर फिरायला जाणं बंद, कारण त्या भरभर चालतात आणि आपल्यासाठी त्यांना थांबावं लागतं ते बरं वाटत नाही. आता एवढं सगळं बंद केल्यावर कुणी विचारलं दम लागतो का, तर नाहीच लागत, लागेल कशाला, दम लागण्यासारखं काही उरलेलंच नाही.

म्हणून मी तो प्रश्न तसा विचारतच नाही. मी विचारते, दोन-तीन वर्षांपूर्वी करत होतात आणि आता करत नाही असं काय काय आहे? मग आधी जरा वेळ शांतता, मग "तसं काही नाही, फक्त..." आणि त्या "फक्त" नंतर जी यादी सुरू होते ती थांबत नाही. बरोबर आलेला नवरा किंवा मुलगी पण ऐकत असतात आणि त्यांनाही हे पहिल्यांदाच कळत असतं.

एक काकू आल्या होत्या, केस एकदम बारीक कापलेले. मी म्हटलं छान दिसतायत तुम्हाला. तर म्हणाल्या, "हौस नाही गं, हात वर धरून केस विंचरायला लागले की मधेच दोनदा बसावं लागायचं, म्हणून कापूनच टाकले." आणि त्यांच्या फॉर्मवर दम लागतो का याच्यापुढे "नाही" अशी खूण होती. केस विंचरताना दम का लागतो ते सांगते, कारण ते कुणी सांगत नाही. एरवी आपला श्वास ओढायचं मुख्य काम छातीखालचा पडदा करतो, डायफ्रॅम. सीओपीडीमध्ये, म्हणजे फुप्फुसाच्या एका जुनाट आजारात, हवा आत अडकून राहते, फुप्फुसं कायम फुगलेली, त्यामुळे हा पडदा खाली दाबला जाऊन सपाट होतो आणि त्याचा जोर जातो, मग मानेचे आणि खांद्याचे स्नायू श्वासाच्या मदतीला येतात. हात डोक्यावर नेला की त्याच स्नायूंना हातही सांभाळायचा असतो आणि श्वासही ओढायचा असतो, दोन्ही जमत नाही. म्हणून चालताना ठीक असलेली बाई केस विंचरताना, उंचावरच्या दोरीवर कपडे वाळत घालताना, वरच्या फळीवरचा डबा काढताना धापा टाकते. घरातली निम्मी कामं हात वर करूनच असतात. आणि धाप मोजायची डॉक्टरांची जी प्रमाण स्केल आहे, ० ते ४ अशी, तिच्यात बहुतेक सगळं चालण्याबद्दलच आहे, सपाट रस्त्यावर भरभर चालताना, शंभर मीटर चालल्यावर थांबावं लागतं का वगैरे. कपडे घालता-काढताना धाप लागते हे येतं एकदम शेवटच्या ग्रेडला. स्केल चांगलीच आहे, जगभर वापरतात, माझं म्हणणं एवढंच की जी बाई दिवसभर घरातच राबते ती सलग शंभर मीटर चालतेच कधी? तिला केसांचं विचारा, कपड्यांचं विचारा.

सीओपीडी म्हणजे काय ते थोडक्यात. श्वासनळ्या सुजून अरुंद होतात, कफ धरतो, आणि शेवटी ज्या बारीक पिशव्यांमध्ये ऑक्सिजन रक्तात जातो त्यांच्या भिंती फाटत जातात, फुप्फुसाचा ताण जातो, जुन्या सैल इलॅस्टिकसारखं होतं, भरतं पण परत आवळत नाही. म्हणून यात खरा त्रास श्वास घ्यायचा नसून बाहेर सोडायचा असतो. झालेलं नुकसान भरून येत नाही पण पुढचं रोखता येतं, आणि लवकर कळलं तर खूपच रोखता येतं. हा काही क्वचित होणारा आजार नाही, जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांप्रमाणे २०२१ साली जगात सुमारे ३५ लाख लोक याने गेले, मृत्यूच्या कारणांमध्ये चौथा नंबर. एवढा मोठा आजार आणि माझ्यासमोर बसलेल्या कितीतरी बायकांनी त्याचं नावच ऐकलेलं नसतं.

नाव ऐकलेलं असलं तर डोक्यात चित्र असतं ते सिगारेट ओढणाऱ्या म्हाताऱ्या पुरुषाचं. आणि हे चित्र फक्त सामान्य लोकांच्या डोक्यात असतं असं नाही. २००१ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला, अमेरिका आणि कॅनडातल्या १९२ डॉक्टरांना एका काल्पनिक पेशंटची माहिती दिली, खोकला, दम, सिगारेटचा इतिहास, सगळं तंतोतंत सारखं, फक्त काहींना सांगितलं पेशंट पुरुष आहे आणि काहींना सांगितलं बाई आहे. पुरुष असेल तर ५८ टक्के डॉक्टर म्हणाले सीओपीडी, बाई असेल तर ४२ टक्के. मग त्यांच्यापुढे स्पायरोमेट्रीचा, म्हणजे याच फुंकायच्या टेस्टचा, रिपोर्ट ठेवला आणि हा फरक बराच कमी झाला. मला हा अभ्यास फार महत्त्वाचा वाटतो, कारण मशीनला बाई-पुरुष हे फक्त हिशोबापुरतं माहीत असतं, तुम्ही किती हवा किती वेगात बाहेर टाकली एवढंच ते सांगतं, तुम्ही टेन्शन घेता का, रडता का, मेनोपॉज चालू आहे का, त्याला काही घेणंदेणं नाही.

नाहीतर बाईच्या दमाला किती नावं असतात बघा. वजन वाढलंय. वय झालं. रक्त कमी आहे. पाळी जायची वेळ आली की असं होतंच. टेन्शन फार घेते. यातलं एकही खोटं नाही, रक्त कमी असलं तरी दम लागतो आणि ते तपासायलाच हवं, पण एक कारण सापडलं म्हणजे दुसरं नाही असं कुठे आहे? टेन्शनचं तर मला विशेष वाईट वाटतं. श्वास पुरत नाही तेव्हा भीती वाटणारच, भीती वाटली की श्वास भराभर होतो, भराभर झाला की हवा आत अजून अडकते आणि दम अजून वाढतो. सीओपीडी असलेल्या बायकांमध्ये चिंता आणि डिप्रेशन पुरुषांपेक्षा जास्त दिसतं हे अभ्यासांमधून पुन्हा पुन्हा आलंय, पण म्हणजे दमाचं कारण चिंता असं होत नाही, बऱ्याचदा गाडी उलटी असते.

आता सिगारेटचं. बायकांना सिगारेटकडे ओढायचं काम ठरवून झालेलं आहे. १९२९ साली न्यूयॉर्कच्या ईस्टर परेडमध्ये एडवर्ड बर्नेज या जाहिरातवाल्याने तंबाखू कंपनीसाठी बायकांना भर रस्त्यात सिगारेट ओढायला लावली आणि तिला स्वातंत्र्याची मशाल म्हणवलं. १९६८ मध्ये फिलिप मॉरिसने खास बायकांसाठी बारीक लांब सिगारेट आणली, व्हर्जिनिया स्लिम्स. याचा हिशोब काही दशकांनी आला, फुप्फुसाचे आजार हळू चालतात, आज ओढलेल्याचं बिल वीस-तीस वर्षांनी येतं. २००० साली अमेरिकेत सीओपीडीने गेलेल्या बायकांची संख्या पहिल्यांदाच पुरुषांपेक्षा जास्त झाली आणि मग पुढे ती तशीच राहिली.

त्यात शरीराचाही भाग आहे. बाईचं आणि पुरुषाचं फुप्फुस अगदी सारख्याच मापाचं असलं तरी बाईच्या श्वासनळ्या सरासरीने अरुंद असतात. म्हणजे तेवढाच धूर आत गेला तर सुजायला जागा कमी. बऱ्याच अभ्यासांमध्ये दिसलंय की बायकांना कमी सिगारेटमध्ये आणि कमी वयात त्रास सुरू होतो. पण याचीच दुसरी बाजू फारशी कुणी सांगत नाही आणि मी सिगारेट ओढणाऱ्या प्रत्येक बाईला ती आवर्जून सांगते. अमेरिका-कॅनडातला लंग हेल्थ स्टडी म्हणून मोठा अभ्यास आहे, त्यात ज्यांनी सिगारेट सोडली आणि सोडलेलीच ठेवली त्यांच्यात पहिल्या वर्षात बायकांच्या फुंकण्याच्या आकड्यात जी सुधारणा झाली ती पुरुषांच्या अडीच पट होती. अडीच पट! सोडण्याचा फायदा बाईला जास्त होतो, आणि हे ऐकल्यावर समोरच्या बाईचा चेहरा बदलतो ते मी बघितलंय, कारण तोपर्यंत तिला सगळ्यांनी फक्त बोललेलंच असतं.

पण माझ्याकडे येणाऱ्या खूप बायकांनी आयुष्यात सिगारेट हातात धरलेली नसते. सिगारेटचा रकाना आला की त्या एकदम निश्चिंत होतात, "छे, मुळीच नाही", आणि त्यांना वाटतं झालं, आपल्याला फुप्फुसाचं काही नाही. म्हणून पुढचा प्रश्न मी तेवढ्याच नेटाने विचारते, धूर. स्वयंपाक कशावर करत होतात, लहानपणी आई कशावर करायची, खोलीत खिडकी होती का, घरात दुसरं कुणी ओढायचं का. जगात आजही सुमारे २१० कोटी लोकांच्या घरात लाकूड, शेण, कोळसा, पिकाचा पालापाचोळा किंवा रॉकेल जाळून स्वयंपाक होतो आणि त्या आगीपाशी बसलेली असते ती बहुतेक ठिकाणी बाईच, आणि तिच्या मांडीवर किंवा पाठीवर मूल. लाकडाच्या धुराने होणारा सीओपीडी सिगारेटवाल्यापेक्षा जरा वेगळा दिसतो असंही आढळलंय, त्यात पिशव्या फाटण्यापेक्षा श्वासनळ्यांचा भाग जास्त, म्हणजे खोकला, कफ, घरघर जास्त, आणि मग सहज दम्याचं लेबल लागतं. दमा असतोही कधीकधी, दोन्ही एकत्रही असतात, पण मशीनवर बघितल्याशिवाय कळणार कसं.

धुराचं काही करता येतं हेही सांगायला हवं. चीनमध्ये युन्नान प्रांतात श्वानवेई म्हणून भाग आहे, तिथे घरात उघड्या खड्ड्यात खूप धूर करणारा कोळसा जाळायचे, तिथल्या बायका सिगारेट जवळजवळ ओढतच नाहीत तरी त्यांच्यात फुप्फुसाचा कॅन्सर भयंकर. १९७० च्या दशकाच्या मध्यापासून तिथल्या घरांमध्ये धुराडं असलेल्या शेगड्या बसल्या आणि नंतर हिशोब मांडला तेव्हा कॅन्सरही कमी झालेला दिसला आणि सीओपीडीही, आणि जसजशी वर्षं गेली तसतसा फायदा वाढत गेला. धूर बाहेर जायला वाट दिली, एवढंच केलं होतं.

साफसफाईचं मात्र ऐकून बायकांना धक्काच बसतो. नॉर्वेच्या बर्गन विद्यापीठाच्या लोकांनी २०१८ साली एक काम छापलं, युरोपातल्या सहा हजारांहून जास्त लोकांवर वीस वर्षं लक्ष ठेवलं होतं, त्यात ज्या बायका घरी साफसफाई करत होत्या किंवा तोच ज्यांचा धंदा होता त्यांच्या फुप्फुसाची ताकद साफसफाई न करणाऱ्या बायकांपेक्षा जास्त वेगाने घसरली. पुरुषांमध्ये तसं दिसलं नाही, अर्थात सफाई करणारे पुरुष त्यात होतेच कमी. स्प्रे मारला की बारीक थेंब हवेत तरंगतात आणि ते थेट खाली उतरतात. मी तर बाथरूम धुताना दार उघडं ठेवते, फडक्यावर ओतून पुसते, स्प्रे मारत नाही, आणि ॲसिड आणि ब्लीच एकत्र कधीच नाही, त्यातून क्लोरीन गॅस निघतो, तो एकदा जरी छातीत गेला तरी महिनोन्‌महिने त्रास राहू शकतो.

आणि हे सगळं लहानपणापासून सुरू असतं. फुप्फुसं साधारण विशीपर्यंत वाढत असतात, त्यानंतर सगळ्यांचीच हळूहळू उतरण. जी मुलगी कमी वजनाची जन्मली, लहानपणी सारखी न्यूमोनियाने आजारी पडली, धुरात वाढली, तिच्या फुप्फुसांची वाढ कमी पातळीवरच थांबते, मग पुढे उतरण सगळ्यांसारखीच असली तरी ती लवकर खाली पोचते. २०१५ मध्ये तीन मोठ्या अभ्यासांचा एकत्र हिशोब आला होता, त्यात सीओपीडी झालेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांची गोष्ट अशीच होती, म्हणजे उतरण वेगाने झालीच नव्हती, सुरुवातच खालून झाली होती.

सीओपीडीवरच जास्त लिहिलं गेलं कारण माझ्याकडे तेच जास्त येतं, पण बायकांच्या फुप्फुसांचं दुखणं तेवढंच नाही. दमा बघा, लहानपणी मुलांमध्ये जास्त, आणि वयात आल्यावर चित्र उलटतं, मोठ्यांमध्ये बायकांना जास्त. काहीजणींचा दमा पाळीच्या आधी दोन-तीन दिवस हमखास वाढतो आणि त्यांनी ते कुणाला सांगितलेलंच नसतं, कारण पाळीचं छातीच्या डॉक्टरला काय सांगायचं! सांगा, कॅलेंडरवर खुणा करून न्या. गरोदरपणात साधारण एक तृतीयांश जणींचा दमा वाढतो, तेवढ्यांचा कमी होतो, तेवढ्यांचा तसाच राहतो, पण आपण त्यातल्या कुठल्या ते आधी कळत नाही, आणि घाबरून स्वतःच्या मनाने इनहेलर बंद करणं हे बाळासाठी इनहेलरपेक्षा जास्त धोक्याचं आहे कारण आईला ऑक्सिजन कमी पडला की बाळालाही कमी पडतो. ब्रॉन्किएक्टेसिस, म्हणजे श्वासनळ्या रुंद आणि ढिल्या पडून त्यात कफ साचत राहणं, हेही बायकांत जास्त. संधिवात किंवा स्क्लेरोडर्मा (कातडी कडक होत जाण्याचा आजार) असलेल्या काही बायकांची फुप्फुसं आतून कडक व्हायला लागतात आणि कोरडा खोकला हीच काय ती पहिली खूण असू शकते.

आणि एक लॅम. लिम्फँजिओलिओमायोमॅटोसिस असं भलंमोठं नाव आहे. दुर्मिळ आहे, पण जवळजवळ फक्त बायकांनाच होतो आणि तोही ऐन तरुणपणी, मुलंबाळं व्हायच्या वयात. फुप्फुसात बारीक बारीक पोकळ्या तयार होत जातात. अशा पोरी दम्याचे पंप घेत वर्षं काढतात आणि मग एक दिवस अचानक फुप्फुस पंक्चर होतं, छातीत एकदम कळ येते, श्वास अडतो. तरुण, सिगारेट न ओढणाऱ्या बाईचं फुप्फुस असं आपोआप बसलं, त्यातून दुसऱ्यांदा बसलं, तर छातीचा सीटी स्कॅन व्हायलाच हवा आणि लॅम आहे का हा प्रश्न डॉक्टरांना तोंडाने विचारायला हवा. २०११ मध्ये सिरोलिमस या औषधाची चाचणी प्रसिद्ध झाली, त्याने फुप्फुसाची घसरण थांबते असं दिसलं, २०१५ मध्ये अमेरिकेत त्याला या आजारासाठी मान्यता मिळाली. त्याआधी या बायकांसाठी सिद्ध झालेलं असं औषधच नव्हतं.

आता जे कुणी बोलत नाही ते बोलते. खोकताना लघवी होते. जुना खोकला असलेल्या कितीतरी बायकांना होते आणि त्या ते कुण्णाला सांगत नाहीत, नवऱ्याला नाही, डॉक्टरला तर नाहीच. बाहेर जाणं बंद करतात, पाणी कमी पितात, पाणी कमी प्यायलं की कफ अजून चिकट होतो. आणि माझ्या टेस्टमध्ये हे मला थेट दिसतं, कारण जोरात फुंकताना पोटावर तेवढाच जोर येतो. बाई पहिले दोन सेकंद छान फुंकते आणि मग एकदम सोडून देते. पुन्हा करते, पुन्हा सोडते. ग्राफ अर्धवट येतो, शेरा पडतो "पेशंटचं सहकार्य नाही". मला हा शेरा लिहायला आवडत नाही, म्हणून मी दार लावते, सोबत आलेल्यांना बाहेर बसवते आणि हळूच विचारते, जोर लावला की खाली ओलं होतं का? मान खाली जाते आणि हो येतं. मग बाथरूमला जाऊन या, पॅड देते, घाई नाही. पुढच्या वेळेला पूर्ण सहा सेकंद फुंकतात, वरती अजून थोडं. यावर फिजिओथेरपी आहे, ओटीपोटाच्या स्नायूंचे व्यायाम आहेत, खोकायच्या आधी ते स्नायू आवळून धरायची पद्धत आहे, ती शिकवतात. आयुष्यभर सोसायची गोष्ट नाहीये ही.

हाडांचं पण असंच, लक्षात येत नाही. पाळी गेल्यावर बाईची हाडं तशीही ठिसूळ होतात, त्यात सारखे स्टेरॉइडच्या गोळ्यांचे कोर्स, चालणं-फिरणं कमी, मग नुसत्या खोकल्याने बरगडीला चीर जाते, असे पेशंट मी पाहिलेत. हाडांची तपासणी करायची का हे डॉक्टरांना आपण होऊन विचारा.

उपचारांचं म्हणाल तर पहिलं भांडण असतं पंपाशी. "पंपाची सवय लागते." नाही लागत. आजार जुना आहे म्हणून औषध रोज लागतं. पंपातलं औषध थेट जिथे हवंय तिथे जातं म्हणून डोस अगदी थोडा पुरतो, गोळीसारखं अंगभर फिरत नाही. खरी अडचण वेगळीच असते, पंप नीट घेतला जात नाही. स्प्रेवाला पंप असेल तर हळू, लांब श्वास, आणि पावडरवाला असेल तर जोरात, झटक्यात, दोन्ही उलटं. मग शक्य तितकं, दहापर्यंत आकडे मोजत श्वास रोखायचा. स्टेरॉइड असेल तर नंतर चूळ भरून पाणी थुंकून टाकायचं, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी येते. बोटांत संधिवात असेल तर पंप दाबलाच जात नाही, छातीत जोर नसेल तर पावडर आत ओढली जात नाही, अशा बाईला स्पेसर (पंपाला जोडायचं नळकांडं) किंवा वेगळं यंत्र लागतं. म्हणून दर वेळी डॉक्टरांच्या समोर पंप घेऊन दाखवा, मला येतं असं म्हणू नका, दाखवा.

दुसरं पल्मनरी रिहॅब. सहा ते आठ आठवडे, देखरेखीखाली चालणं, हातापायाचे व्यायाम, श्वासाचं तंत्र. याने फुंकायचे आकडे फारसे बदलत नाहीत पण दम कमी होतो, चालणं वाढतं, इस्पितळात भरती व्हायची वेळ कमी येते, पुरावे भक्कम आहेत. तरी बायका मधेच सोडतात. कारण विचारलं तर घरी कुणीतरी आजारी, नातवंडं सांभाळायची आहेत, वेळच नाही. नवरा आजारी असला की बायको त्याला धरून आणते, बायको आजारी असली की ती एकटी येते आणि घड्याळ बघत बसते. हे मी रोज बघते आणि रोज मला राग येतो. घरातल्या लोकांनो, तिला आणून सोडा, आणि तेवढा वेळ घर सांभाळा.

घरी करण्यासारखं म्हणजे ओठांचा चंबू करून श्वास सोडणं, नाकाने आत आणि ओठ अर्धे मिटून हळूहळू बाहेर, आत घेतला त्याच्या दुप्पट वेळ लावून. याने श्वासनळ्या मिटत नाहीत आणि अडकलेली हवा बाहेर पडते. वाकायच्या, उचलायच्या कामात जोर लावताना श्वास सोडायचा, रोखून धरायचा नाही. केस विंचरताना कोपर टेबलावर टेकवायचे. रोज लागणाऱ्या वस्तू कमरेच्या उंचीला ठेवायच्या. उभ्याने करायची कामं स्टुलावर बसून करायची आणि त्यात आळशीपणा काहीही नाही. फ्लूची आणि न्यूमोनियाची लस डॉक्टरांना विचारून घ्या. आणि ऑक्सिजन लावायला सांगितला म्हणजे शेवट आला असं नाही, बसल्या जागी ज्यांचा ऑक्सिजन फारच कमी असतो त्यांनी दिवसाला निदान १५ तास लावला तर आयुष्य वाढतं हे १९८० च्या सुमाराच्या चाचण्यांपासून माहीत आहे.

आता टेस्टबद्दल. एक्स-रे नॉर्मल आहे, बोटाला लावायच्या यंत्रावर ९७ येतंय, म्हणून टेस्ट नको असं होत नाही, सुरुवातीच्या सीओपीडीत दोन्ही नॉर्मल असू शकतं. टेस्टला सैल कपडे घाला, पोट गच्च भरून येऊ नका, पंप सकाळी घ्यायचा की नाही ते आधी विचारा. अलीकडे हार्ट अटॅक आला असेल, डोळ्याचं, पोटाचं, छातीचं ऑपरेशन झालं असेल तर ते सांगा, आपण थांबू. निदान तीन वेळा नीट फुंकावं लागतं, मग पंप देऊन साधारण पंधरा मिनिटांनी परत. पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर आली भागिले एकूण किती आली, हा आकडा पंपानंतरही ०.७० च्या खाली असेल तर श्वासनळ्या अडल्यात असं धरतात. तरुण बाईच्या बाबतीत ०.७० वर किंवा जरा वरही सगळं ठीक असतंच असं नाही, तिच्या वयाच्या मानाने ते कमी असू शकतं, म्हणून रिपोर्टवर वयानुसारची खालची मर्यादा छापलेली असते, एलएलएन लिहिलेलं असतं, तीही डॉक्टरांना बघायला सांगा. उंची मात्र तिथेच मोजून घ्या, आठवून सांगू नका, वयाप्रमाणे उंची कमी होते आणि सगळा हिशोब उंचीवर चालतो. आणि रिपोर्ट फेकू नका, ग्राफसकट फाइलला लावून ठेवा, कारण एका वर्षाचा आकडा एकटा फारसं बोलत नाही, मागच्या वर्षीचा शेजारी ठेवला की किती घसरण झाली ते दिसतं.